साडेचार फुटांतला वारा

वन्सं, तुमच्या त्या दोन काचेच्या पट्ट्या मी परत बसवल्या. हे आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही नीट सांगता यायचं नाही. तेरावं झाल्यावर घर धुवून काढलं, तेव्हा तुमच्या पलंगाखाली जुन्या साडीत गुंडाळलेल्या सापडल्या. सापडल्या कसल्या, त्या तिथे आहेत हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. मी त्या पुसल्या, गॅलरीतल्या लुव्हरच्या, त्या आडव्या काचांच्या खिडकीच्या, खाचांत सरकवल्या आणि मनात म्हटलं, संपलं एकदाचं हे भांडण.

संपलं नाही. त्या संध्याकाळपासून मला घरात एका जागी बसवत नाही. भात लावते आणि हॉलमध्ये येते. हॉलमध्ये बसले की गॅलरीत जाते. गॅलरीत तुमचा पलंग उभा करून ठेवलाय, त्याच्याशी दोन मिनिटं उभी राहते आणि परत भात बघायला जाते. हे म्हणतात, सुमन, फेऱ्या काय मारतेस, बस ना जरा. बसून काय करू? रविवारी तळेकर मेस्त्री यायचा होता. कुठली भिंत पाडायची आणि कुठे पार्टिशन उभं करायचं, ते त्याला मी कागदावर काढून द्यायचं होतं. शेखरचं लग्न वैशाखात. एक हॉल, एक स्वयंपाकघर आणि तुमची ती गॅलरी, एवढ्यात नवं जोडपं बसवायचंय. आणि ज्या माणसाशी ह्यावरून कडकडून भांडावं, ते माणूस आधीच निघून गेलं.

भेटायला येणारे सगळे सांगतात, बाई फार शांत होत्या. मी मान हलवते. शाळेत असाल शांत. घरी तुम्ही कोथिंबीर निवडतानासुद्धा वाद घालायचात.

माझं लग्न ठरलं तेव्हा तुम्ही मला पहिला प्रश्न विचारलात तो आठवतो. बाकीच्या बायका विचारत होत्या, स्वयंपाक येतो का, शिवण येतं का. तुम्ही खुर्ची ओढून समोर बसलात आणि म्हणालात, "तू नकाशे काढतेस म्हणे?" मी तेव्हा एका आर्किटेक्टच्या कचेरीत ट्रेसर होते. दिवसभर ट्रेसिंग कागदावर शाईच्या पेनाने रेघा. मी म्हटलं, नकाशे नाही, प्लॅन. तुम्ही विचारलंत, फरक काय? मी म्हटलं, प्लॅनमध्ये भिंती असतात. तुम्ही हसलात. "आणि माझ्या नकाशात भिंती सोडून सगळं."

पुढे एका घरात राहायला लागल्यावर त्या वाक्याचा अर्थ कळत गेला. तुम्ही घराकडे बघायचात ते भूगोलाच्या बाईसारखं. मुलुंडचं आपलं घर म्हणजे पश्चिमेला येऊरचा डोंगर, पूर्वेला मिठागरं आणि खाडी, आणि मध्ये आपण. गॅलरी पश्चिमेला, स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला. मी घराकडे बघायची ती फूट-इंचांत. हॉल अकरा बाय चौदा. स्वयंपाकघर आठ बाय नऊ. गॅलरी अकरा लांब, साडेचार रुंद. म्हणजे साडेएकोणपन्नास चौरस फूट, आणि तुम्ही त्याला पन्नास म्हटलं की मी चिडायची.

मुलांना तुम्ही घराला मार्क द्यायला लावायचात. राहायला चांगली जागा कशाला म्हणायचं, ते पुस्तकातून पाठ करू नका, स्वतःच्या घराला दहापैकी मार्क द्या. पाण्याला किती, उजेडाला किती, वाऱ्याला किती, शेजाराला किती. एकदा आपल्याच घराला मार्क द्यायला बसलो आपण दोघी. मी सहा दिले, तुम्ही आठ. वरचे दोन कसले, म्हणून मी विचारलं तर म्हणालात, गॅलरीचे. मी म्हटलं, गॅलरी मी क्षेत्रफळात धरली आहे, एकच गोष्ट दोनदा मोजायची नाही. तुम्ही म्हणालात, ती रोज दहादा वापरतो आपण, एकदाच कशी मोजायची? आणि मग तुमचं ते सुरू झालं. सकाळी तिथे कपडे, दुपारी पापड, संध्याकाळी ह्यांचा, म्हणजे तुमच्या मधूचा चहा, परीक्षेत शेखरचा अभ्यास, मे महिन्यात झोपायला. गरजा अमर्याद, साधनं मर्यादित, आणि एकाच साधनाचे अनेक उपयोग. शाळेतलं अर्थशास्त्र तुम्ही आमच्या गॅलरीवर शिकवायचात. मला नंतर कळलं, वर्गातही तेच उदाहरण द्यायचात. परवा एक मुलगी भेटायला आली, आता बँकेत आहे म्हणे. चहा घेता घेता इकडे तिकडे बघायला लागली आणि हळूच म्हणाली, "काकू, ती गॅलरी कुठली?" मी तिला गॅलरी दाखवली. ती बंद केलेली बघून तिचा चेहरा पडला. मला तिचा राग आला. तिला काय माहीत, चार माणसं एका हॉल-स्वयंपाकघरात कशी राहतात.

गॅलरी बंद करायचं मीच काढलं आणि ते बरोबर होतं. हे मी आजही म्हणते. शेखर कॉलेजात गेला होता. तो हॉलमध्ये, तुम्ही हॉलमध्ये, आम्ही दोघं स्वयंपाकघरात. तुम्हाला साडी बदलायला मोरीत जावं लागायचं. पेपर तपासायला बसलात की शेखरने दिवा मालवायचा की नाही, ह्यावरून रोज कटकट. दिवसभर शाळेत उभं राहिलेल्या बाईला संध्याकाळी पाय पसरायला स्वतःची जागा नको? मी प्लॅन काढला, ह्यांना दाखवला, हे म्हणाले ताईला विचार. तुम्हाला दाखवला, तर तुम्ही तो उलटा धरून बघितलात आणि म्हणालात, "माझ्यासाठी नको."

"तुमच्यासाठी नाही, सगळ्यांसाठी," मी म्हटलं.

"सगळ्यांसाठी तर ती आत्ताच आहे."

मग मी तुम्हाला चौरस फूट सांगितले. माणशी किती येतात, गॅलरी दिवसातला किती वेळ रिकामी असते, बंद केली तर किती वेळ वापरात येईल. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "ह्या तुझ्या हिशेबात वारा कुठे धरलास?"

आता ह्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट तुम्हाला आठवत असेलच. तुम्ही धडा वाचत होतात, मोठ्याने, उद्याच्या तासासाठी. हवा, सूर्यप्रकाश ह्या मोफत वस्तू, कारण त्या मुबलक आहेत आणि त्यांना किंमत पडत नाही. मी तांदूळ निवडत होते. मी तिथूनच म्हटलं, मुंबईत पडते. मुंबईत वारा चौरस फुटावर मिळतो, वन्सं. ज्याच्याकडे गॅलरी त्याला वारा. तुम्ही पुस्तक मिटलंत. हे मी वर्गात सांगू का, म्हणून विचारलंत. मी म्हटलं, सांगा, पण एखाद्या पोराने पेपरात हेच लिहिलं तर मार्क द्याल का? तुम्ही म्हणालात, विचार करून सांगते.

दोन-तीन दिवसांनी, पोळ्या लाटताना, तुम्ही मला गोवंडीच्या शाळेची गोष्ट सांगितलीत. नोकरीची पहिली वर्षं तुम्ही तिथे काढलीत हे माहीत होतं, पण त्याबद्दल कधी बोलला नव्हतात. डम्पिंग ग्राउंडकडून वारा फिरला की वर्गाच्या खिडक्या लावून घ्यायच्या आणि आत साठ पोरं घामाने निथळत बसायची. अशाच खिडक्या लावलेल्या वर्गात तुम्ही मोफत वस्तूंचा धडा शिकवत होतात, आणि एका मुलीने उभं राहून विचारलं, "बाई, फुकट मिळालेली वस्तू नको असली तर परत कुणाला द्यायची?" तुम्ही म्हणालात, मी तिला खाली बस म्हटलं. एवढंच. पुढे काही नाही. पोळपाटावरची पोळी फाटली होती, ती तुम्ही परत गोळा करून लाटलीत.

म्हणजे वाऱ्याला किंमत असते, हे तुम्हाला माझ्या आधीपासून कळलं होतं. पण मला उत्तर दिलं नाहीत ते नाहीच. म्हणून गॅलरीच्या वेळी तुम्ही जेव्हा विचारलंत, वारा कुठे धरलास, तेव्हा मी तुम्हाला तुमच्याच पुस्तकाने मारलं. म्हटलं, "वारा मोफत आहे ना तुमच्या पुस्तकात? मग तो हिशेबात कशाला?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मान हलवलीत आणि म्हणालात, "कर बंद."

जिंकले मी. एकदाच जिंकले असेन तुमच्याशी.

काचा दुधी घेतल्या, कारण समोरच्या बिल्डिंगची गॅलरी जवळ आणि तिथे सगळी कॉलेजची मुलं. तुम्ही म्हणालात, माझ्याकडे आता कोण बघतंय. मी म्हटलं, कोण बघतं ह्याचा प्रश्न नाही, दिसतं ह्याचा आहे. तीन लुव्हर बसवले, आणि नियम केला की दिवेलागणीला सगळे बंद. मिठागरं आणि खाडी जवळ, म्हणजे डास किती ते तुम्हाला सांगायला नको. नियम तुम्ही पाळलात. आठ-दहा महिने पाळलात.

त्या पहिल्या उन्हाळ्यात एकदा तुम्ही स्वयंपाकघरात आलात. तुमची ती एक सवयच होती, खिडकीशी उभं राहून मिठाचे ढीग बघायचे. मी मध्ये मध्ये सरका म्हणायची, कारण आठ बाय नऊमध्ये ओट्याशी एकच बाई मावते. वन्सं, ते ढीग बघताना तुम्ही मला किती वेळा सांगितलंत, की मीठ नुसत्या उन्हाने पिकत नाही? ऊन पाणी तापवतं, पण पाण्याची वाफ उचलून न्यायला वारा लागतो. वारा पडला की मिठागरातलं पाणी नुसतं तापत बसतं. मी हो हो म्हणायची. फोडणी जळेल ह्याकडे माझं लक्ष. त्या दिवशी तुम्ही मिठाचं बोललात, मग थांबलात आणि विचारलंत, "सुमन, तुला इथे फार उकडतं का गं हल्ली?"

मी पदराने मान पुसत होते. मला वाटत होतं वयाचं असेल, चाळिशी आली की बायकांना होतं तसं. मी म्हटलं, शेगडीशी उभं राहिल्यावर उकडणारच, काश्मीर थोडंच आहे.

पुढच्याच आठवड्यात मधल्या लुव्हरमधल्या दोन पट्ट्या नाहीशा झाल्या.

मी विचारलं तर म्हणालात, असतील कुठेतरी. मी पलंगाखालून काढून बसवल्या. परत नाहीशा. परत बसवल्या. शेखर हसायचा. म्हणायचा, आई, आत्याचा आणि तुझा टॉस चाललाय. डास येतात म्हणून मी बोलले, तुम्ही मच्छरदाणी लावलीत. पाऊस आत येतो म्हणून बोलले, तर पावसाळ्यात तुम्ही शाळेतला तुमचा जुना ड्रॉइंग बोर्ड तिथे अडकवायला लागलात, आणि पाऊस गेला की काढून ठेवायचात. शेवटी मी नाद सोडला. पण एकदा तोडून बोलले. म्हटलं, पडल्या पडल्या डोंगर दिसावा म्हणून हे चाललंय ना? डोंगर बघायचा तर गच्चीवर जात जा. तुम्ही मच्छरदाणीतून म्हणालात, "हो गं. डोंगरच."

हे मला सहन होत नाही, वन्सं. खोटं बोलणं तुमच्या स्वभावात नव्हतं. पेपर तपासताना अर्ध्या मार्कासाठी तासभर बसणाऱ्या तुम्ही, आणि मला म्हणालात डोंगर. आणि मी चार वर्षं तेच धरून चालले.

त्याच सुमाराला स्वयंपाकघरातलं कॅलेंडर वाजायला लागलं होतं. दाराशेजारी खिळ्याला असतं ना, ते. संध्याकाळी, दिवे लागल्यावर, मी भाकऱ्या थापायला घेतल्या की ते फडफड करायला लागायचं. डोकं उठायचं. मी त्याला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून टाकला. कुठून वारा येतो, का येतो, हा विचारसुद्धा मनात आला नाही. उकडायचं कमी झालं, तेही लक्षात नाही आलं. जे कमी होतं ते कुणाच्या लक्षात येतं?

तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हाचं मी कुणाला सांगितलेलं नाही. मी पेज घेऊन आले होते. तुम्ही दोन चमचे घेतलेत, मग नको म्हणालात. पंख्याकडे बघत पडून होतात. मग विचारलंत, "कॅलेंडर वाजतं का गं संध्याकाळी?"

मला वाटलं, तापात बोलताय. तारखांचं काही डोक्यात असेल, परीक्षा जवळ आल्या होत्या. मी म्हटलं, नाही वाजत, चिमटा लावलाय मी.

तुम्ही म्हणालात, "काढ तो."

मी बरं म्हटलं आणि डबा धुवायला गेले. घरी येऊन विसरले. नंतरच्या गडबडीत कॅलेंडरकडे कोण बघतंय. घर धुताना भिंती पुसल्या, तेव्हा तो चिमटा निघाला आणि परत लावायचा राहिला. त्याच दिवशी दुपारी मी तुमच्या पट्ट्या बसवल्या. आणि त्या संध्याकाळी भाकरी थापताना मला काहीतरी कमी वाटायला लागलं. आधी वाटलं, तुमचा आवाज. तो तर कमी होताच. पण आणखी काहीतरी. मान घामाने ओली झाली होती, ओट्यावरची हवा नुसती तापत बसली होती, आणि कॅलेंडर भिंतीला चिकटल्यासारखं सरळ. चिमटा नाही, तरी सरळ.

पिठाचे हात तसेच घेऊन मी दारात उभी राहिले. ट्रेसर होते मी, वन्सं. मला सांगायला नको होतं. गॅलरीतला मधला लुव्हर, समोर हॉलचं दार, त्याच्या समोर स्वयंपाकघराचं दार, आणि पलीकडे मिठागरांची खिडकी. पट्टी लावून रेघ मारावी तशी सरळ रेषा. त्या रेषेत तुम्ही दोन काचा काढल्यात, तुमच्या उशाच्या वर, जिथून वारा तुमच्या अंगावरून जाऊन माझ्या शेगडीपाशी निघेल. आणि संध्याकाळीच, मी तिथे उभी असते तेव्हा. खारे वारे आणि मतलई वारे शेखरलासुद्धा तुम्हीच पाठ करून घेतले होते. दिवसभर तापलेल्या जमिनीवर समुद्राकडून येणारे ते खारे. मी शेजारी बसून ऐकलंय. चित्रसुद्धा काढून दिलंय त्याला, बाणांसकट.

मग सांगितलं का नाही? चाळीस-चाळीस पोरांना फळ्यावर काढून सांगत होतात, मला एकटीला नाही सांगता आलं? माझं ते वाक्य लागलं होतं का, वारा मोफत आहे ना म्हणून? की तुम्हाला वाटलं, सांगितलं तर सुमन त्याचाही हिशेब मांडेल, डास इतके आणि वारा इतका, आणि पट्ट्या बसवून टाकेल? टाकल्या असत्या. खरंच टाकल्या असत्या. मला ते माहीत आहे आणि तुम्हालाही माहीत होतं. की खरंच डोंगरच होता, आणि मी आता वेड्यासारखी भिंतीवरच्या कागदावरून काय काय जोडत बसलेय? दोन्ही असेल. एका साधनाचे अनेक उपयोग. हेही तुमचंच.

मी रोज भांडते तुमच्याशी आणि रोज अर्ध्यावर सोडते, कारण दुसऱ्या बाजूने कुणी बोलत नाही.

आणि इथे रविवार जवळ आलेला. शेखरला पाहिजे होतं ते असं: हॉल आणि गॅलरीमधली भिंत काढायची, गॅलरीचे साडेचार आणि हॉलचे साडेचार फूट मिळून अकरा बाय नऊची खोली त्यांना, वरपर्यंत पक्कं पार्टिशन, दाराला कडी. उरलेला साडेनऊ फुटांचा हॉल आम्हाला. हिशेबाने एकदम बरोबर. एक इंच वाया जात नाही. तो प्लॅन मीच काढला होता, तुम्ही दवाखान्यात जायच्याही आधी, लग्न ठरलं तेव्हा. त्यात तुमचा पलंग हॉलमध्ये दाखवला होता, पूर्वीच्या जागी. तो तुम्हाला दाखवायचं धाडस झालं नव्हतं.

आता तोच प्लॅन समोर घेऊन बसले तर दिसतं की ह्या पार्टिशनच्या मागे हॉलला एकही खिडकी नाही, आणि स्वयंपाकघरात वारा यायची वाट बंद ती कायमची. मी शेखरला म्हटलं, असं नको. तो म्हणाला, आई, तूच काढलंयस. मी म्हटलं, पार्टिशन वरून दीड फूट मोकळं सोडू, जाळी लावू, खाली दाराला फटी ठेवू. तो कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, "आई, मग सगळं ऐकू येणार ना बाहेर."

त्याचंही खरं. नव्या जोडप्याला चार शब्द बोलायला चार भिंती नकोत? मी तुमच्यासाठी दुधी काचा घेतल्या त्या कशासाठी होत्या? मी ह्यांच्याकडे बघितलं. हे इतके दिवस ह्या विषयात एक शब्द बोलले नव्हते. ताईच्या जागेचं बोलायचं म्हटलं की उठून जायचे. ह्या वेळी मात्र पेपर खाली ठेवला. "ऐकू येऊ दे की. आम्ही म्हातारे बहिरे होऊ. रेडिओ लावून बसू."

शेखर हसला नाही. पाय आपटत खाली गेला. दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. आणि मला कळेना, मी हे कुणासाठी अडवतेय. तुमच्यासाठी? तुम्ही तर नाही. माझ्यासाठी? वैशाखानंतर शेगडीशी मी एकटी नसेन. मग कुणासाठी?

शनिवारी संध्याकाळी वैशाली आली, आमची होणारी सून. साखरपुड्याच्या साडीचं काहीतरी विचारायला आली होती. शेखर तिला पार्टिशनचं सांगायला लागला, आणि मी चहा टाकायला आत गेले तशी ती माझ्यामागे आली. ओट्याशी उभी राहिली. मी तिला सरक म्हटलं नाही. पाच मिनिटांत तिच्या कपाळावर घाम. रुमालाने टिपत संकोचून म्हणाली, "आई, इथे नेहमी असंच उकडतं?"

मी चहाखालची शेगडी बारीक केली. गॅलरीत गेले, तुमच्या दोन्ही पट्ट्या खाचांतून ओढून काढल्या आणि तिथेच उभी राहिले. परत आत यायचं धैर्य होईना. वारा नसलाच तर? दिवस वाऱ्याचा नसला तर? मग आतून कागदाची फडफड ऐकू आली, आणि तिचा आवाज, "अय्या, हा कुठून आला?"

शेखर हॉलमध्ये उभा होता, बरोबर त्या रेषेत. त्याच्या शर्टाची कॉलर हलली. आत्याचा भाचा आहे, त्याला उत्तर येत होतं. वैशाली दारात येऊन उभी राहिली, तिने माझ्या हातातल्या काचा बघितल्या, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आपण हळू बोलू रे." मग स्वतःच लाजून परत चहाकडे गेली.

काल रात्रीच मी नवा प्लॅन काढला. जुना ट्रेसिंग कागद, जुना पेन. अकरा बाय नऊची खोली दिली त्यांना, एक इंच कमी नाही. पार्टिशन वरून दीड फूट जाळीचं. त्यांचं दार मधल्या लुव्हरच्या रेषेत, स्वयंपाकघराच्या दारासमोर. दोन्ही दारांना खाली फटी. लुव्हर दुधीच, पण मधल्यात दोन पट्ट्यांची जागा रिकामी, तिथे डासांची जाळी. हे मला चार वर्षांपूर्वी सुचायला काय झालं होतं, असं म्हणू नका. तुम्हालाही सुचलं नव्हतं. आणि मग, सगळी मापं लिहून झाल्यावर, पश्चिमेच्या बाजूने मी एक लांब बाण काढला. गॅलरीतून आत, जाळीवरून, हॉलमधून, शेगडीच्या जागेवरून, मिठागरांकडे बाहेर. आयुष्यात पहिल्यांदा मी प्लॅनमध्ये भिंत नसलेली गोष्ट काढली.

सकाळी तळेकर मेस्त्री आला. कुडाळचा माणूस, कागद डोळ्यांपासून लांब धरून बघतो. सगळ्या भिंती बोटाने मोजल्या, मान डोलावली, आणि बाणापाशी बोट थांबलं.

"वयनीनू, ह्यो बाण कसलो? हयसून पाईप जातलो?"

मी हो म्हटलं. मी म्हटलं, जातो. इथून जातो, ह्याच्या वाटेत खिळासुद्धा मारायचा नाही.

त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि बाणाशेजारी टेकवून विचारलं, पाईप किती इंची. वन्सं, मी आयुष्यभर मापं दिली, आणि ह्याचं माप मला येत नाही. तुम्ही विचार करून सांगणार होतात.